पाटीवर बसणारे, कोरसमध्ये गाणारे

विद्यार्थिनी असताना मी कॉलेजच्या खो-खो संघात होते आणि त्याच वर्षांत युवा महोत्सवाच्या समूहगानातही. गाव वाळवा तालुक्यातलं, कॉलेज शिवाजी विद्यापीठाशी संलग्न. पुढे नोकरीही याच विद्यापीठाच्या एका महाविद्यालयात मिळाली. सांस्कृतिक विभागाचं काम अंगावर आलं, मग जिमखाना समितीचंही. त्यामुळे मैदान आणि रंगमंच दोन्ही मी दोन बाजूंनी पाहिले: आधी खेळणारी-गाणारी म्हणून, नंतर मुलांना घेऊन जाणारी बाई म्हणून.

नाव कमावलेल्या खेळाडूंबद्दल आणि गायकांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, आणि ते लिहिलं जायलाच हवं. पण कोल्हापूर, सांगली, सातारा या तीन जिल्ह्यांत आमच्या विद्यापीठाची शेकडो महाविद्यालयं आहेत आणि विद्यापीठाचा खो-खोचा मुलींचा संघ एकच. बाकीच्या मुलींचं खेळणं विभागीय सामन्यांतच संपतं. गाण्याचंही तेच. जिल्हास्तरीय महोत्सवातून मध्यवर्ती महोत्सवाला थोडे जातात, तिथून राज्यपातळीवरच्या ‘इंद्रधनुष्य’ महोत्सवाला आणि पश्चिम विभागाच्या महोत्सवाला मोजकेच. मला लिहायचं आहे ते या मागे राहिलेल्यांच्या बाजूने, कारण महाविद्यालयातला खेळ आणि महाविद्यालयातलं गाणं मुख्यतः त्यांच्यासाठीच असतं, असं मी मानते.

१. खो मिळाल्याशिवाय उठता येत नाही

नऊ मिनिटांचा डाव. आठ जणी मधल्या पाटीवर बसलेल्या, एकीचं तोंड इकडे तर शेजारणीचं तिकडे. नववी पाठलागावर. बघणाऱ्यांचं लक्ष पळणाऱ्या दोघींवर असतं, आणि नवीन आलेल्या मुलीलाही वाटतं की खेळ तोच. म्हणून ती पाटीवर बसली की विसावते. तिला सगळ्यात आधी शिकवावं लागतं ते बसणं. टाच उचललेली, भार पुढच्या पायावर, हाताची बोटं जमिनीला टेकलेली, नजर पळतीवर. खो कधी मिळेल सांगता येत नाही, आणि मिळायच्या आत उठलीस तर फाऊल.

याहून अवघड गोष्ट पुढची आहे. पाठलाग करणारीला मधली पाटी ओलांडता येत नाही, आणि एकदा दिशा धरली की खांब गाठेपर्यंत मागे वळता येत नाही. पळणारी मात्र दोन बसलेल्या मुलींच्या मधून हवी तेव्हा पलीकडे निसटते. ती पलीकडे गेली की तिच्यामागे जाऊ शकते ती तिकडे तोंड करून बसलेलीच. म्हणजे माझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला दिसत नाही, ते माझ्या शेजारणीला दिसतं. पळणारी समोर दिसतेय म्हणून तिला स्वतःच धरण्याच्या हट्टाने धावत राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. योग्य क्षणी खो देऊन खाली बसणारी मुलगी संघाला जास्त उपयोगाची. तिच्या नावावर गडी लागत नाही, गुणतक्त्यात ती दिसत नाही. चांगल्या प्रशिक्षकाला मात्र ती दिसते, आणि संघातल्या बाकीच्या मुलींना तर नक्कीच दिसते.

अशी एक मुलगी माझ्या संघात होती. वर्गात तिचा आवाज ऐकू यायचा नाही, पण मैदानावरचा तिचा ‘खो’ कुंपणापलीकडे ऐकू जायचा, आणि हाताचा स्पर्श आणि शब्द यांत कधी अंतर पडायचं नाही. समूहगानाला एक आवाज कमी पडत होता म्हणून तिला विचारलं. एकटीने गायला उभं केलं असतं तर ती गायली नसती. पाच जणींच्या सोबत मात्र ती अशी गायली की अंतऱ्यानंतर मुखडा नेमका कुठे उचलायचा हे बाकीच्या पाच जणी तिच्याकडे बघून ठरवू लागल्या.

२. पट्टी आधी ठरवा, गाणं नंतर

समूहगानाचे नियम विद्यापीठांच्या महोत्सवांत ठरलेले आहेत. गाणारे जास्तीत जास्त सहा, साथीदार तीन, वेळ दहा मिनिटं, चित्रपटगीत चालत नाही. एक गाणं देशभक्तीचं, दुसरं बहुधा लोकगीत. हे सगळं परिपत्रकात असतं. परिपत्रकात नसते ती पट्टीची अडचण, आणि संघ कोसळतात ते तिथेच.

मुली साधारण काळी चार-पाचमध्ये मोकळ्या गातात, मुलगे काळी एकच्या आसपास. तीन मुली आणि तीन मुलगे एकत्र उभे केले की कुठली तरी मधली पट्टी घ्यावी लागते. तिथे मुलींचा मंद्र ऐकूच येत नाही आणि मुलग्यांना तार षड्जाशी पोचताना गळा आवळावा लागतो. बरेच शिक्षक आधी गाणं निवडतात, ते बसवतात आणि शेवटच्या आठवड्यात पट्टी वरखाली करत बसतात. तोवर मुलांच्या गळ्यांत एक पट्टी पक्की बसलेली असते.

आम्ही क्रम उलटा केला. आधी सहा गळे ऐकायचे. कोण कुठपर्यंत सहज जातो ते पेटीवर पाहून कागदावर लिहायचं. मग या सहा गळ्यांना जमेल अशा चालीचं गाणं शोधायचं किंवा नवीन चाल लावायची. मुखडा सगळ्यांनी, वरचा अंतरा मुलींनी, खालच्या ओळी मुलग्यांनी, आणि कुणाचा आवाज अगदीच लहान असेल तर त्याला गुणगुणत्या भरावाचं काम. असं केलं की सहाही जण खरोखर गातात. नाहीतर दोघे गातात आणि चौघे ओठ हलवतात, आणि ते परीक्षकांच्या आधी त्या चौघांना स्वतःलाच कळत असतं. त्या वयात मनाला ते फार लागतं.

३. पावसाळ्यात तबला सांभाळणारा माणूस संघात हवा

आमच्याकडचे जिल्हा महोत्सव बऱ्याचदा पावसाळ्याच्या उत्तरार्धात होतात. कोल्हापूरच्या दमट हवेत तबल्याची पुडी सैल पडते, चाटेचा नाद बसका येतो. त्यात मंचावर मांडामांडीला मिळतात चार-पाच मिनिटं. आधीच्या गायकाचा तबला काळी एकचा आणि तुमची गायिका काळी चारची असेल, तर गट्टे ठोकून एवढं अंतर भरून निघत नाही. त्या पट्टीचा तबलाच लागतो. हे ठाऊक नसलेली मुलं आयोजकांच्या तबल्यावर विसंबतात, हातोडीने ठोकत राहतात आणि गाण्याआधीच घामाघूम होतात.

तेव्हा तबला आपला न्या. नेताना गादीत गुंडाळून, वर प्लॅस्टिक. पोचल्यावर तो कोरड्या खोलीत ठेवा, दिवा असेल तर दिव्याच्या उबेला. आपली पाळी यायच्या दोन स्पर्धक आधी तो एकदा लावून घ्या आणि मंचावर फक्त ताडून पाहा. हे काम मनापासून करणारा एक मुलगा आमच्याकडे होता. तो स्वतः जेमतेम दादरा-केरवा वाजवायचा, मंचावर कधी बसला नाही. पण त्याच्या हातून निघालेला तबला कधी उतरला नाही. शिक्षण संपल्यावर तो वाद्यदुरुस्तीच्या कामाला लागला आणि आज त्यावर त्याचं घर चालतं.

शास्त्रीय गायनाच्या मुलांसाठी आणखी एक. राग निवडताना स्पर्धेची वेळ विचारा. सकाळी अकराला गायचं असेल तर तोडीची तयारी ठेवा, दुपार असेल तर भीमपलास आहे, शुद्ध सारंग आहे. ‘माझा पुरिया धनाश्री चांगला बसलाय’ म्हणून तो भर दुपारी गाणारी मुलं असतात. काही परीक्षक ते मनावर घेत नाहीत, मी घेते. त्या मिळालेल्या दहा-पंधरा मिनिटांत विलंबित ख्याल उलगडून द्रुत बंदिशीपर्यंत यायचं असतं. ऐकणाऱ्याचा कान त्या प्रहराला तयार असला तर ही वाट थोडी सोपी होते.

४. एक खरा तानपुरा

मोबाइलवरचा तानपुरा सोयीचा आहे, मुलं त्यावर रियाज करतात, करावा. पण आमच्या भागातल्या प्रत्येक कॉलेजने मिरजेहून निदान एक तानपुरा आणावा असं मला कळकळीने वाटतं. मिरज आपल्याला तासा-दोन तासांवर. पंढरपूरकडचे भोपळे आणून तिथले कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ही वाद्यं घडवतात, आणि २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. अब्दुल करीम खाँसाहेबांची स्मृती जपणाऱ्या त्या गावाच्या एवढ्या जवळ राहून आमची मुलं पदवीपर्यंत तानपुऱ्याला हात न लावता जातात.

तानपुरा लावायला बसलं की जोडीच्या दोन तारांत किती बारीक फरक असतो ते कानाला कळू लागतं. जवारीचा दोरा घोडीवर किंचित सरकवला की नाद कसा उघडतो ते समजतं. फोन हे सगळं आधीच करून देतो, त्यामुळे कानाला काही करावंच लागत नाही. ज्या मुलीने वर्षभर तानपुरा लावला ती पुढे समूहगानात बेसूर झालेली ओळ आपण होऊन ओळखते, आणि ओळखली की थांबते.

५. मुलींच्या सरावाची वेळ शेवटची एसटी ठरवते

यावर मी सविस्तर लिहिणार आहे, कारण समित्यांच्या बैठकांत हा विषय दोन मिनिटांत संपवला जातो.

आमच्या कॉलेजात येणाऱ्या निम्म्याहून अधिक मुली आसपासच्या गावांतून एसटीने येतात. तासिका संपतात दुपारी. मैदान उन्हाने तापलेलं असतं, म्हणून सराव संध्याकाळी पाचला ठेवायचा असं क्रीडाशिक्षकांना वाटतं. पण गावाकडची शेवटची सोयीची गाडी सहाच्या सुमाराला. ती चुकली तर मुक्कामाची गाडी, आणि मुक्कामाच्या गाडीने मुलगी घरी आली की दुसऱ्या दिवसापासून सराव बंद. यात आई-वडिलांना दोष देऊन काही साधत नाही. त्यांना अंधारातला फाट्यापासून घरापर्यंतचा रस्ता माहीत असतो.

माझ्या वेळी हा प्रश्न आमच्या क्रीडाशिक्षकांनी सोडवला. त्यांनी सराव सकाळी सातला आणला, पहिल्या एसटीला धरून. आणि ते प्रत्येक मुलीच्या घरी जाऊन आले. चहा घेतला, मैदान कुठे आहे, सोबत कोण असतं, सामन्याला बाहेरगावी गेलो तर मुक्काम कुठे, बरोबर बाई कोण, सगळं सांगितलं. माझे वडील खेळाच्या विरोधात होते असं नाही, त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं. सरांनी सांगितल्यावर पुढच्या विभागीय सामन्याला ते स्वतः येऊन मैदानाच्या कडेला उभे राहिले.

आज मी तेच करते. मुलगी संघात घ्यायची तर आधी तिच्या घरी जाते. पोशाखाबद्दल घरून हरकत आली तर पूर्ण लांबीची ट्रॅक पँट चालते हे तिथेच सांगते. हजेरीचा प्रश्न असेल तर सरावाच्या आणि सामन्याच्या दिवसांची हजेरी कशी धरली जाते ते विभागप्रमुखांकडून लेखी घेते. सत्र पद्धतीमुळे सामने, महोत्सव आणि अंतर्गत परीक्षा एकाच काळात येतात. खेळणाऱ्या-गाणाऱ्या मुलांना वेगळी तारीख द्यावी लागते, आणि ती मिळवणं हे शिक्षकाचं काम आहे. मुलांना दारोदार अर्ज घेऊन फिरवू नये.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. आपल्या मुलींनी नेपाळला हरवून तो जिंकला, कर्णधार होती आपल्याच महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. त्या आठवड्यात आमच्याकडे कधी मैदानावर न आलेल्या मुली येऊन विचारू लागल्या, “मॅडम, आम्हाला खेळता येईल का?” जानेवारीत विद्यापीठाचे सामने उरकलेले असतात, निवडी होऊन गेलेल्या असतात. संघ बंद, म्हणून सराव बंद. तरी आम्ही त्यांच्यासाठी चुना मारून मैदान आखलं आणि सुरुवात केली. त्यांतल्या कितीजणी संघात येतील हा विचारच मी केला नाही. त्या सकाळी पळतात, दमतात, हसतात आणि मग तासिकेला बसतात. एवढं मला त्या वेळी पुरेसं होतं.

६. प्राचार्यांनी येऊन पाहावं

पैलवान खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. अंगकाठी लहान म्हणून कॉलेजच्या क्रीडास्पर्धेत त्यांना घ्यायला क्रीडाशिक्षक तयार नव्हते, ते थेट प्राचार्यांकडे गेले, परवानगी मिळवली आणि मोठमोठे गडी चीत केले, ही हकीकत आमच्या भागात मुलांना सांगितली जाते. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नव्हते. त्यांच्या गोळेश्वर गावच्या आणि आसपासच्या लोकांनी जमतील तसे दिले, आणि प्राचार्य खर्डेकरांनी आपलं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचं वैयक्तिक खेळातलं पहिलं ऑलिंपिक पदक. परतल्यावर त्यांनी कुस्त्या लावून ते देणं फेडलं.

कुणी घर गहाण ठेवावं अशी अपेक्षा आज कुणाची नाही. या हकिकतीत मला महत्त्वाचं वाटतं ते तिच्या सुरुवातीचं टोक: एक विद्यार्थी प्राचार्यांच्या दारात गेला आणि त्याचं ऐकून घेतलं गेलं. सामन्याला किंवा तालमीला प्राचार्य दहा मिनिटं येऊन बसले तरी मुलांच्या अंगात काय संचारतं ते मी पाहिलं आहे. एका प्राचार्यांना गाण्यातलं काही कळत नसे, पण जिल्हा महोत्सवाच्या आदल्या संध्याकाळी ते तालमीला येत, सहाही जणांना नावाने हाक मारत आणि शेवटच्या गाण्यापर्यंत बसत.

७. तयार माणसं आणू नका

करंडक हवा म्हणून बाहेर नाव झालेल्या खेळाडूला, गायकाला प्रवेश देऊन आणायचं आणि कॉलेजची मुलं बाकावर बसवायची, हा प्रकार सर्रास चालतो. नियमात बसतं तिथेही मला तो मान्य नाही. खेळणाऱ्याला चांगलं कॉलेज मिळावं, शिष्यवृत्ती मिळावी, याला माझा पूर्ण पाठिंबा. पण मग त्याने आमच्या मुलांबरोबर सकाळी सातला पळावं, त्यांना शिकवावं. सामन्याच्या दिवशी उतरणारा आणि संध्याकाळी परतणारा खेळाडू कॉलेजला ढाल देतो. मुलांना त्यातून मिळतो तो एवढाच संदेश की हे तुमचं काम नव्हे.

साथीदारांबद्दलही हेच. बाहेरचा कसलेला तबलजी घेता येतो तिथेही साथीला विद्यार्थीच बसवावा असा माझा आग्रह असतो. गाणं थोडं कमी रंगेल. पण दोन वर्षांत कॉलेजकडे स्वतःचा तबलजी असेल, आणि तो पुढच्या मुलांना हात बसवून देईल.

८. राखीव खेळाडूला काम द्या

बारा जणींत नऊ मैदानात, तीन बाहेर. बाहेरच्या तिघींना पाण्याच्या बाटल्या आणि बूट सांभाळायला लावलं की त्या पुढच्या वर्षी येत नाहीत. आम्ही त्यांना वही देतो. प्रतिस्पर्धी संघाची कुठली मुलगी खांबाजवळ डावीकडे वळते, कोण लवकर दमते, तीन जणींच्या तुकड्या कोणत्या क्रमाने उतरतात, हे त्या टिपतात आणि मध्यंतरात संघ त्यांच्याभोवती जमतो. यातल्या एका मुलीने पुढे पंचाची परीक्षा दिली. आता तिची शिट्टी मी स्पर्धांत ऐकते.

९. हरल्यावर सराव दुसऱ्या दिवशीच

एक दिवस सुट्टी दिली की ती आठवड्याची होते. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलवा. कडक सराव नको. मैदानावर एक हलका डाव, तालीमघरात त्यांच्या आवडीची गाणी, हवी तर चित्रपटगीतंही. पराभवाची चर्चा तिसऱ्या दिवशी.

१०. किल्ली

बहुतेक कॉलेजांत जिमखान्याची आणि संगीत कक्षाची किल्ली एका माणसाकडे असते. तो माणूस रजेवर असला की पेटी कपाटात आणि चेंडू पेटाऱ्यात. वाद्यं खराब होतील, साहित्य हरवेल, ही भीती खोटी नाही. आमचीही एक पेटी पडली, तिचा भाता फुटला, दुरुस्तीला पैसे गेले. तरी खोली उघडीच ठेवली. मुलांनी स्वतःच नोंदवही सुरू केली, कुणी काय घेतलं, कधी ठेवलं. त्या वहीत संघातली नावं कमी आहेत, इतरांचीच जास्त.

तुम्ही कॉलेजात शिकवत असाल, व्यवस्थापनात असाल, पालक किंवा माजी विद्यार्थी असाल, तर एवढंच मागते: येत्या सत्रापासून आठवड्यातून निदान तीन दिवस, महोत्सव आणि सामने असोत वा नसोत, ही दोन्ही दारं सगळ्या विद्यार्थ्यांसाठी उघडी राहतील अशी व्यवस्था करा, आणि मुलींच्या शेवटच्या एसटीची वेळ विचारूनच त्यांचे तास ठरवा.